पारूवयनीची निर्धूर चूल

मी मूळची कणकवलीच्या पुढची. गावाचं नाव सांगून तुम्हाला कळायचं नाय, आठ-दहा घरांची वाडी, मागे डोंगर, पुढे वहाळ, एवढंच. घर मातीचं, पुढे पडवी, मागे रांधपाची खोली, आणि त्या खोलीला खिडकी नाय. एक झरोका होता, त्यातनं मांजर जायची, धूर नाय जायचा. माझी आई त्या खोलीत असायची. मला आई आठवते ना, ती पदर डोळ्याला लावलेलीच आठवते. रडत नसायची हां, तशी रडणारी बाई नव्हती ती, धूर असायचा. आम्हा पोरांना वाटायचं बाईमाणसाचे डोळे असेच लाल असतात. चाळिशीला आली तेव्हा तिला तांदळातला खडा दिसत नव्हता, मी निवडून द्यायची. सगळे बोलायचे म्हातारपण आलं. चाळिशीत कसलं मेलं म्हातारपण, पण विचारणार कोण.

सतराव्या वर्षी लग्न झालं आणि मी मुंबईला आले. काय सांगू तुम्हाला, मनात एकच होतं, मुंबईत गॅस असतो. वाडीत एक मुंबईकरीण यायची गणपतीला, ती सांगायची, काडी लावली की निळा जाळ, भांड्याला काळं म्हणून लागत नाय. तर इथं मालाडला आले. स्टेशनवरनं पूर्वेला चालत सुटलात की बाजार संपतो, मग तबेले लागतात, मग डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती, तेव्हा सगळी कुडाची नि पत्र्याची घरं. आत पाऊल टाकलं तर पहिलं काय दिसलं, चूल. मी मनात बोलले, शेवंते, घे, झाली तुझी मुंबई. आमचे हे अंधेरीला पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, त्यांनी गॅसला नंबर लावलेला, पण तो नंबर कधी येणार ते देवाला ठाऊक. स्टोव्ह होता, पण रॉकेल रेशनवर, लाइनीत उभं राहून मिळायचं ते पंधरवडासुद्धा पुरायचं नाय. मग लाकूड. डोंगरावर जायचं, फॉरेस्टवाला दिसला की मोळी टाकून पळायचं, नायतर बाजारातनं खोक्यांच्या फळ्या गोळा करायच्या, नायतर वखारीतला भुसा. मी बिल्डिंगीत भांडी घासायला जायची तिथं गॅस बघायची. शेठाणी दूध ठेवून फोनवर बोलत बसायची, गॅस आपला जळतोय. माझा जीव वरखाली व्हायचा.

आता वयनीचं सांगते, म्हणजे मूळ तेच सांगायचं आहे, बाकीचं तुम्हाला नको असेल तर लिहू नका. पारूवयनी माझी थोरली जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझे मोठे दीर, माझ्या लग्नाआधीच तापाने गेलेले, मूलबाळ नाय, तर ती आमच्याबरोबरच राहायची. लोक मला बोलायचे, विधवा जाऊ घरात, सांभाळून राहा. अहो कसलं सांभाळून, तिनेच मला सांभाळलं, ती नसती तर मी पहिल्या महिन्यातच गावची गाडी पकडली असती. मी तोंडाची फटकळ, घरात भांडण काढायची ती मी, आणि मिटवायची ती. माझी दोन्ही बाळंतपणं तिने केली, आणि पोरं अंगावर होती तोवर मला चुलीपुढे बसू दिलं नाय. तू पोराक घेवन भायर बस गो, हय धूर आसा. ती मालवणीच बोलायची, शेवटपर्यंत. मी बाहेर बसायची आणि ती आत खोकायची. माझ्या वाटणीचा धूर तिने खाल्ला, हे लिहा.

पावसाळ्यात तिची छाती अशी वाजायची की पत्र्याच्या पलीकडे ऐकू जायची. आडवं झोपता यायचं नाय, भिंतीला टेकून बसायची. मुन्शिपाल्टीच्या इस्पितळात नेलं तर डॉक्टर बोलले, औषध देतो, पण हिला धुरापासून लांब ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला कठीण आहे. मी बोलले, डॉक्टर, आमच्याकडे धुरापासून लांब म्हणजे जेवणापासून लांब. ते औषधं लिहीत राहिले. मी कामावर जायची सकाळी, तर रांधणार कोण, तीच. मी तिला बोलायची, दुपारचं राहू दे, मी येऊन टाकते. ती हो बोलायची, आणि मी येईपर्यंत सगळं करून ठेवायची.

आणि मग ती योजना आली. एक गाडी आलेली वस्तीत, तिच्यावर बोर्ड, निर्धूर चूल, इंधन वाचवा, जंगल वाचवा. सरकारची योजना, काम करणार एक संस्था. एक मॅडम गाडीतनं उतरल्या आणि नळापाशी उभ्या राहून बोलल्या, लाकूड अर्धं लागेल, एका जाळावर दोन भांडी शिजतील, देशाचं इंधन वाचेल, आणि धूर नळीतनं पत्र्यावर बाहेर जाईल. बाया हसत होत्या. मला मात्र त्यातलं एकच ऐकू आलेलं, धूर बाहेर. मॅडम बोलल्या, चूल बांधायला शिकायला कोण येईल, वस्तीतलीच बाई पाहिजे. मी हंडा खाली ठेवला आणि हात वर केला.

बोरिवलीला एका हॉलात ट्रेनिंग. मॅडम पुण्याच्या, बोलणं शुद्ध, पण मातीत हात घालायला लाजायच्या नाय, ते खरं सांगायला पाहिजे. आम्हाला बांबूची एकेक पट्टी दिलेली, तिच्यावर खाचा. चुलीचं तोंड एवढं, मागचा वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, एवढा, बोगदा एवढा. बोगदा म्हणजे काय, पुढच्या जाळाकडनं वैलाकडे आणि तिथनं धुरांड्याकडे जाणारी आतली वाट. सगळी करामत त्या बोगद्यात. तो रुंद झाला तर आच निघून जाते, बारीक झाला तर धूर उलटा घरात. मॅडम बोलायच्या, शेवंताबाई, एका बोटाचा फरक पडला तरी चूल रुसते. लाकूड बारीक चिरून घाला, ओलं घालू नका, आठवड्याला काठीला चिंधी बांधून काजळी काढा, सगळं सांगितलं त्यांनी, घोकून घेतलं आमच्याकडनं. एक गोष्ट राहिली. ती पुढे सांगते.

पहिली चूल मी आमच्याच घरात बांधली. डोंगराची माती, तबेल्यातलं शेण, भाताचं तूस कुठनं आणणार इथं, म्हणून भुसा. वयनी माती मळायला बसली, खोकत, पण उठायला तयार नाय. सुकेपर्यंत रोज हात लावून बघायची. मग यांनी पत्र्याला भोक पाडून नळी काढली, वर टोपी बसवली. पेटवायच्या दिवशी मी हळदकुंकू आणलं आणि तिला बोलले, तूच लाव, तुझीच चूल आहे. ती मागे सरली. तू लाय, बोलली. मी जबरदस्ती करायला पाहिजे होती, नाय केली, मीच लावलं. जाळ घातला, आणि खरंच हो, धूर आत जो ओढला गेला तो गेलाच. ती बाहेर गल्लीत जाऊन कमरेवर हात ठेवून पत्र्याकडे बघत राहिली, वरनं धूर निघतोय ते. मग आत आली, माझ्यासमोर बसली आणि बोलली, शेवंते, माका तुजा तोंड दिसता गो.

इतकी वर्षं आम्ही दोघी चुलीपाशी बसून बोललो होतो, पण डोळे बारीक करून, पदरातनं.

त्या हिवाळ्यात तिचा खोकला निम्म्यावर आला. आडवी झोपायला लागली. येईल त्या बाईला चूल दाखवायची, आमच्या शेवंतान बांधल्यान, बोलायची. मला रोजची चुलीची कामं मिळायला लागली, मी भांडी सोडली. कुठं कुठं गेले, मालाडच्या सगळ्या वस्त्या, कांजूरला, होडीत बसून गोराईला. लोक चूलवाल्या बाई बोलायला लागले, मला कधी कोणी असं काय बोललं नव्हतं. सकाळी निघताना पट्टी पिशवीत टाकायची आणि दारातनं तिला बोलायची, वयनी, चूल जप हां. रोज बोलायची. ती पोतेरं भिजवत असायची, हात वर करायची. रोज.

वर्ष होत आलं तसं कुठं कुठं कुरकुर सुरू झाली. शेजारची जनाबाई, जालन्याकडची, घरात बुद्धाची तसबीर, स्वच्छतेला अशी की तिच्या जमिनीवर जेवण वाढावं, ती बोलली, बाई, तुमची चूल धूर मारती. मी गेले, बघितलं, वरवर बघितलं, आणि तिलाच झाडली. लाकूड केवढं घातलंय, चिरायला काय होतं, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय त्याप्रमाणे तुम्ही करत नाय आणि चुलीला नावं ठेवता. मी निघाले तेव्हा ती बोलली, माझ्या लाकडाला नावं ठिवण्याआदी तुमच्या घरात जाऊन बगा, दुपारच्याला. मला राग आला. मला वाटलं ही जळते माझ्यावर. योजनेचा तपासणीचा फॉर्म असायचा, त्यावर मी लिहिलं, चूल चालू, आणि तिचा अंगठा घेतला.

पण घरी गेल्यावर वयनीला विचारलं, नाय असं नाय. विचारलं, धूर येतो का गं? ती भात उतरवून बसलेली, विस्तव विझवलेला, दार सताड उघडं, हातात सुपाचा तुकडा, वारा घेत होती. खयचो धूर, बोलली, तुजी चूल ती, धूर कसो येतलो? आणि हसली. डोळे लाल होते तिचे. मी बघितले, हां, खोटं नाय बोलणार. पण मला ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं, मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

त्यातच मोठे साहेब बघायला येणार ठरलं. मॅडम बोलल्या, शेवंताबाईंची चूल दाखवू, त्यांच्या हातची पहिली. साहेब वाकून घरात आले, बरोबर फोटोवाला. वयनीने चहा ठेवलेला, जाळ लख्ख, धुराचं नाव नाय. साहेब खूश, बोलले, हे बघा, एका साध्या बाईने करून दाखवलं. वयनी कोपऱ्यात पदर घेऊन उभी, आणि तिचं तोंड असं फुललेलं. मला नंतर कळलं, तिने नारळाच्या करवंट्या जमवून ठेवलेल्या, महिनाभर, वस्तीत घरोघर मागून, उन्हात कडक वाळवून. करवंटीला धूर नसतो. त्या दिवसापुरत्या.

मग पाऊस. सगळं लाकूड ओलं. मी गोराईला होते, दुपारची, मातीत हात, आणि आमच्या यांच्या कारखान्यातला माणूस होडीतनं सांगत आला की वयनीला इस्पितळात टाकलंय. जनाबाईने तिला घरात पडलेली बघितलेली, धुरात, तिनेच उचलून बाहेर आणली, तिनेच रिक्षा केली. मी पोचले तेव्हा नाकाला नळी, आणि श्वास असा की ऐकवत नाय. मी तिचा हात धरला, तर हाताला शेणाचा वास. मला जवळ बोलावलं तिने, तोंड कानाशी आणलं. चुलीतसून धूर येता, बोलली. खूप दिवस येता. कोणाक सांगू नको, तुजा काम जायत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मला सांगा, धूर येतोय हे मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? चूल फोडून नवी बांधली असती, एका दिवसाचं काम. पण तिला वाटलं चूलवाल्या बाईच्याच घरात धूर, हे बाहेर कळलं तर माझं नाव जाईल. म्हणून मी यायच्या आधी विस्तव विझवायची, दार उघडायची, सुपाने धूर हाकलायची, खोकला तोंडात पदर कोंबून दाबायची. जनाबाईला दिसायचं, तिच्या दारातनं. मला माझ्या घरातलं दिसत नव्हतं.

बाराव्याचं झाल्यावर मी चूल फोडली. हे बोलले, राहू दे आता, कशाला. मी ऐकलं नाय, कुदळ घेतली. मला बघायचं होतं, माझी चूल, माझ्या पट्टीने मापून बांधलेली, ती रुसली कशी. वरचा थर निघाला आणि बोगदा उघडा पडला, आणि मी कुदळ टाकून खालीच बसले. बोगदा जवळजवळ भरलेला. काजळीने नाय हो, काजळी ती चिंधीने काढायची, आठवड्याला, मी सांगितलेलं तसं. सारवणाने भरलेला. शेण-मातीचे थर, पातळ पातळ, एकावर एक, पापुद्रे सुटत होते. माझ्या पट्टीवरची खाच एवढी, आणि वाट उरलेली दोन बोटांची. आणि सगळ्यात खालच्या, पहिल्या थरावर, वाट मोठी होती तेव्हाचे, तिच्या बोटांचे ओरखडे, चार बोटं, वळणापर्यंत. तिने हात खांद्यापर्यंत घालून आतनं सारवलेली चूल, रोज.

आता ती राहिलेली गोष्ट सांगते. आमच्याकडे सकाळी चुलीला पोतेरं फिरवल्याशिवाय विस्तव घालत नाय. कालची चूल उष्टी. कुठल्याही घरात जा, कोकणात जा, घाटावर जा. आणि नीट सारवायची म्हणजे आतनं बाहेरनं, वरवर सारवते ती आळशी. जुन्या चुलीत आत बोगदाच नव्हता, सारवलं काय नि नाय काय. मॅडमने सगळं सांगितलं, हे सांगितलं नाय, कारण त्यांच्या कागदावरची चूल कोणी सारवत नव्हतं. आणि आम्ही एवढ्या बाया खाली बसलेल्या, एकीच्या पण मनात आलं नाय, कारण चूल सारवायची हे काय सांगायचं असतं, ते हात करतात. मी स्वतः सारवायची की हो माझ्या माहेरी, बोटं आत घालून. मी पट्टीवर एका बोटाचा हिशेब धरत होते आणि रोज सकाळी दारातनं तिला बोलत होते, चूल जप. तिने जपली. दुसऱ्या कोणाची असती तर कदाचित वरवर हात फिरवला असता. माझी होती म्हणून आतपर्यंत.

त्याच संध्याकाळी जनाबाईकडे गेले. सरळ तिच्या चुलीत हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडला. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने धरलं मला, बोलली, असं करू नगा बाई, आदी चूल उकरू. दोघींनी मिळून लोखंडी सळीने उकरली. मग घरोघर गेले, मी बांधलेल्या सगळ्या चुली, जमेल तेवढ्या. किती घरांत बायांनी ती कधीच फोडून जुनी तीन दगडांची मांडलेली, धुरांड्याची नळी पागोळीला लावलेली, पाणी काढायला. त्या हसायच्या मला, आलात होय बाई, हात घालायला. घाला. तोवर आमच्या भागातली योजना संपलेली. कागदावर सगळ्या चुली चालू होत्या, त्यात माझ्या हातचे पण फॉर्म.

मॅडमना जाऊन सांगितलं मी सगळं, उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. आता ते ट्रेनिंगचं छापील पुस्तक देतात ना, त्यात एक ओळ आहे, पोरीकडनं वाचून घेतली मी. बोगदा आतून सारवू नये. एवढीच. माझी वयनी त्या एका ओळीत आहे, पण तसं त्यात लिहिलेलं नाय. मला अजून बोलावतात कधी कधी, मी जाते. परवा एका ठिकाणी साहेबलोकांनी उन्हावर शिजवायची पेटी आणलेली, काचेची, आरशाची. चांगली आहे, मी नाव नाय ठेवत. मी फक्त विचारलं, साहेब, ही रोज कशाने पुसायची ते बायांना सांगितलंत का? ते बोलले, त्यात काय सांगायचं.

यंदा गॅसचा नंबर लागला. हो, लागला की, इतक्या वर्षांनी. हे स्टेशनवरनं पेढे घेऊन आले. पोरांनी काडी लावली, निळा जाळ, गावची मुंबईकरीण सांगायची तसाच. धूर नाय, काय नाय, घरातलं सगळं स्वच्छ दिसत होतं, हे, पोरं, शेजारनं आलेली जनाबाई, सगळ्यांची तोंडं दिसत होती. मी उगीचच कोपऱ्यात बघितलं. अजून पहाटे उठले की मी पोतेऱ्याचं मडकं शोधते, मग आठवतं की सारवायचं काय. ओट्यावर फडका मारते झालं. चालायचंच. तुम्ही एवढं बसून ऐकलंत, देव तुमचं बरं करो, तुमच्या घरात जी कोण रांधत असेल तिला सुखाचा श्वास मिळो. आणि एक करा, आज घरी गेलात की तिला विचारा, बाय, तुला काय होतंय का, आणि नाय बोलली तरी तिच्या डोळ्यांकडे नीट बघा.